दुसऱ्या ओळीवरचं कुंकू

आमच्या उदयभावजींनी बावीस वर्षं एक गोष्ट शोधली आणि ती सापडली न्हाय. चेष्टा म्हणून सांगत न्हाय, त्यांच्या छापील कागदावरच तसं हाय. मी लग्न करून मलकापूरची ह्या घरात आले तवा हे माझे धाकटे दीर बारावीला होते. पहाटे चारला उठून अभ्यास करायचे, आणि चारला उठून चहा कोण ठेवायचं, तर नवी नवरी. त्या चहावर हा माणूस डॉक्टर झाला. तोबी सुई टोचणारा न्हाय, फिजिक्सचा. गावातली माणसं अजून त्यास्नी गुडघा दाखवायला येत्यात, आणि भावजी त्यांना बसवून घेऊन पावसापाण्याचं बोलत बसत्यात.

त्यांचं काम असं होतं. परदेशात जमिनीखाली मैलोन्‌मैल मोठं यंत्र. त्यात कणांवर कण आपटायचे आणि त्यातनं एक ठरावीक कण बाहेर पडतोय काय ते बघायचं. मोठमोठ्या लोकांनी गणित करून सांगितलतं की तो असणारच. भावजी निम्मं वर्ष मुंबईच्या संस्थेत आणि निम्मं तिकडं. दर दोन-तीन वर्षांनी त्यांचा निबंध छापून यायचा. मी एकदा विचारलं, भावजी, ह्यात लिहिलंय तरी काय?

"ह्यात लिहिलंय वहिनी, की अमक्या वजनापर्यंत तो कण न्हाय."

म्हटलं, म्हणजे हरवलेली म्हैस वडगावात न्हाय एवढं बघून झालं, आता हातकणंगल्यात बघायची. मला वाटलं रागावतील. तर खूश होऊन म्हणाले, अगदी बरोबर, आमच्या साहेबांपेक्षा सोपं सांगितलं. त्या निबंधावर तीन हजार माणसांची नावं होती. आमच्याकडं लग्नाच्या पत्रिकेत भावकी रुसू नये म्हणून नावं घालत्यात, तीबी एवढी होत न्हाईत.

एकदा मात्र सापडल्यागत झालतं. त्यांच्या कामात एक रेघ असती, सपाट चाललेली, आणि तिच्यावर कुठं उंचवटा येतोय काय ते डोळ्यात तेल घालून बघायचं. एका डिसेंबरात उंचवटा आला. भावजींनी तिकडनं फोन केला. आत्यांशी, म्हणजे माझ्या सासूशी बोलले, माझ्याशी बोलले, गुऱ्हाळावर गूळ करणाऱ्या जोतीरामाशीसुद्धा बोलले. आत्यांनी जोतिबाला नारळ वाढवला. उन्हाळ्यात आणखी माहिती आली आणि उंचवटा सपाट झाला. त्या गणपतीत भावजी घरी आले तर डोकं पांढरं. त्यास्नी वाढताना मला रडू आलं. त्यांनी न बघितल्यागत केलं आणि आमटी मागितली.

पुढचं यंत्र ह्याच्यापेक्षा मोठं लागणार, ते व्हायला वीस वर्षं, तवर भावजी रिटायर. म्हणून सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांनी मन घट्ट केलं आणि सौर ऊर्जेच्या कामाला लागले. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात तीन वर्षांचा प्रकल्प मिळाला. आत्यांचं नाव चिमणाबाई, वय एकोणऐंशी, तोंड पंचविशीतलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सूर्य तरी हाय न्हवं? का त्योबी शोधाया लागणार?"

भावजी म्हणाले, "हाय आई. रोज उगवतोय."

"मग बरं झालं," आत्या म्हणाल्या आणि सुपारी तोंडात टाकली.

आता सगळं जग स्वच्छ उन्हात पॅनेल मांडून मोजत बसलंय. आमच्या शहाण्यानं त्यासाठी घरचं गुऱ्हाळ निवडलं. आमचं घर वडगावच्या अलीकडं, आणि घराला लागूनच गुऱ्हाळ. दिवाळी झाली की चुलवाण पेटतंय ते मार्चपर्यंत. खाली चिपाडं जाळायची, वर काहिलीत रस आटवायचा, आणि धुराड्यातनं जी काजळी उडती ती माझ्या वाळत घातलेल्या धुण्यावर, पापडावर, सगळ्यावर. तीस वर्षं मी त्या काजळीच्या नावानं बोटं मोडत आले. भावजी मात्र म्हणाले, "वहिनी, हीच काजळी मला पाहिजे. आपल्या जिल्ह्यात असली किती धुराडी हायेत. पॅनेलवर काजळी बसून वीज किती कमी होती, हे कुणी नीट मोजलेलं न्हाय."

घराच्या स्लॅबवर पॅनेलच्या दोन ओळी बसल्या. पहिली ओळ रोज सकाळी धुवायची, ते काम आमच्या मालकांकडं, सयाजीरावांकडं. दुसऱ्या ओळीला शंभर दिवस बोट लावायचं न्हाय. दोन्हीची वीज एका डबीत आपोआप मोजली जायची आणि भावजींच्या कॉम्प्युटरवर दिसायची. दुसऱ्या ओळीपाशी पाटी लावली, 'हात लावू नये'. जिन्याच्या तोंडाशी सुतळीनं एक वही आणि पेन बांधलं. वर कोण गेलं, कशाला गेलं, किती वाजता, ते लिहून सही करायची. हे सगळं भावजींनी मालकांना आणि जोतीरामाला गुऱ्हाळावर उभं करून तासभर समजावून सांगितलं. दोघांनी माना हलवल्या. मला कुणी काय सांगितलं न्हाय. मी त्या वक्ताला त्याच तिघांसाठी भाकरी थापत होते.

तीन वर्षं मार्चात संपणार होती. बारा मार्चला समिती येणार, काम बघणार, आणि पुढची पाच वर्षं द्यायची का न्हाय ते ठरवणार. न्हाय दिली तर राजस्थानातल्या एका कंपनीचं बोलावणं आलतं. वाळवंटात एकटा राहणार, अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, ज्याला अजून कुकरच्या शिट्ट्या मोजता येत न्हाईत. आत्या वरनं काय बोलायच्या न्हाईत, पण शनिवारी भावजी कोल्हापुरातनं आले की त्या दोन भाकरी खायच्या, आणि इतर दिवशी अर्धी. मला तेवढ्यावरनं समजत होतं. आणि खरं सांगायचं तर मलाबी ते जायला नको होते. चारच्या चहापासनं वाढवलेला माणूस हाय तो माझा.

मग आली रथसप्तमी. मंगळवार होता. अंगणात रांगोळीनं सूर्याचा रथ काढला, गोवऱ्या पेटवून बोळक्यात दूध ठेवलं. ते उतू गेलं, पूर्वेकडंच गेलं, आत्यांचा जीव शांत झाला. मग त्यांनी वर स्लॅबकडं बघितलं.

"सूर्यनारायणाचं यंत्र आपल्या डोक्यावर हाय," म्हणाल्या, "आणि एका ओळीला रोज आंघोळ, दुसरी पारोशी. आज तरी धुवावी का न्हाय गं? आपल्याच घरात ह्यो दुजाभाव."

मी दोन बादल्या पाणी आणि आत्यांचं जुनं लुगडं घेऊन वर गेले. पाटी वाचली, न्हाय असं न्हाय. पण पाटी ही कामावरच्या माणसास्नी असती, घरच्या बाईला कोण पाटी लावतंय? वहीसुद्धा बघितली. देवाच्या कामाची सही कुठं करत्यात म्हणून तशीच पुढं गेले. तीन महिन्यांची काजळी होती, चिकट, रसाच्या वाफेनं धरलेली. दहा मिनिटं घासल्यावर पॅनेल आरशागत झालं. चौकटीच्या कोपऱ्याला हळदीकुंकवाची पाच बोटं ओढली, झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले आणि खाली आले. लई बरं वाटलं.

शनिवारी भावजी आले ते चप्पल पायात तशीच ठेवून जिना चढले. अर्ध्या तासानं खाली आले तर कानापर्यंत लाल. मी त्यास्नी असं उंचवटा आलता त्या फोनच्या वक्ताला ऐकलतं, बघितलं न्हवतं. जेवताना सांगायला लागले. मंगळवारी सकाळी साडेसातच्या सुमाराला दुसऱ्या ओळीची रेघ एकदम वर गेली. सत्तर टक्क्यांवर आलती, ती थेट पहिलीच्या बरोबरीला. आपोआप. त्यांचा अंदाज असा की, थंडीतलं दव आणि गुऱ्हाळाची काजळी मिळून एक थर होतोय, आणि ऊन लागलं की तो थर आपसूक घसरून जातोय.

"कुणी वर गेलतं काय, दादा?"

"कोण जातंय वर," मालक म्हणाले. "वही बघ की."

"वहीत काय न्हाय."

"मग झालं तर."

माझ्या हातात भाकरी होती. मला विचारलं असतं तर मी तिथंच सांगितलं असतं. पण विचारलं न्हाय, आणि माझ्याकडं बघितलंबी न्हाय. त्यांचा चेहरा असा उजळलेला की मी भाकरी ताटात टाकली आणि चुलीकडं तोंड केलं. आत्या सुपारी कातरत गप बसल्या. त्यांनाबी सगळं समजलतं, आणि त्यांनीबी मला डोळ्यानं गप केलं.

सोमवारी मी वर गेले. कशाला, तर कुंकू पुसायला. केलंय ते केलंय, निदान खूण तरी राहू नये. जाऊन बघते तर चौकट लख्ख, फूल न्हाय, कुंकू न्हाय. म्हटलं दवानं पुसलं, म्हणजे भावजींचंच खरं म्हणायचं. खाली येऊन त्यांचं आठवड्याचं धुणं घेतलं. त्यात त्यांचा पांढरा रुमाल निघाला. एका कोपऱ्याला लाल-पिवळं. बारावीनंतर हा माणूस अंबाबाईच्या देवळात शिरलेला न्हाय. मी तो रुमाल हातात धरून मोरीत बसले. दवाला रुमाल कशाला लागंल?

त्यास्नी माहीत होतं. पहिल्या दिवसापासनं माहीत होतं, आणि आमच्या घरात कुंकवाची बोटं कोण ओढतंय तेबी माहीत होतं. पुढचे चार शनिवार आम्ही दोघं एकमेकांशी पाहुण्यांगत वागलो. ते म्हणायचे, आमटी छान झालीय. मी म्हणायचे, अजून वाढू? एवढं गोड आम्ही कधी बोललो न्हवतो. रुमाल मी दोनदा साबणानं घासला, गुलाबी डाग काय गेला न्हाय, तसाच घडी करून बॅगेत ठेवला. मनात म्हटलं, तुमाला लपवायचं हाय न्हवं? मग मीबी लपवते. आयुष्यभर ह्या माणसानं खरं सांगून काय मिळवलं? पांढरं डोकं.

तिकडं कॉलेजात दवाची बातमी पसरली. प्राचार्यांनी समितीला आधीच कळवलं, काहीतरी नवीन सापडलंय म्हणून. जोतीराम गूळ हलवता हलवता एवढंच म्हणाला, "वहिनीसाहेब, दवानं काजळी निघत असती तर मी तीस वर्षं अंग घासत बसलो असतो काय?" त्याला मी दुसऱ्या कामाला लावलं.

बारा मार्चला साडेअकराच्या आधीच समिती आली. तीन माणसं. मुख्य साहेब पुण्याचे, लई मऊ बोलणारे, हातात रुमालात गुंडाळलेली पाण्याची बाटली. आम्ही स्लॅबवर मांडव घातलता. मी नव्या साडीत ताटभर गरम गूळ आणि शेंगदाणे घेऊन उभी. भावजींनी रेघ दाखवली. साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि विचारलं, "फारच रोचक. या काळात पॅनेलला कुणीही स्पर्श केला नाही, याची खात्री आहे ना?"

भावजींनी तोंड उघडलं. बोलले न्हाईत. समितीतली बाकीची दोघं कागदातनं मान वर करून बघायला लागली. मला वाटलं आता हा माणूस इथंच बसतोय. म्हणून मीच पुढं झाले.

"न्हाय साहेब. कुणी हात लावला न्हाय. पाटी हाय की तिथं."

साहेब हसले. "मग काही प्रश्नच नाही."

"वहिनी खोटं बोलतायत," भावजी म्हणाले.

खालनं रस उकळल्याचा आवाज तेवढा येत होता. माझ्या हातात ताट होतं म्हणून, न्हायतर काय केलं असतं सांगता येत न्हाय. तीस वर्षांत मला ह्या घरात कुणी खोटारडी म्हटलेलं न्हाय, आणि म्हटलं कुणी, तर ह्यांनी, तेबी पुण्याच्या माणसापुढं.

"रथसप्तमीला यांनी ही ओळ धुतली," भावजी साहेबांकडं बघत सांगायला लागले, पुस्तकी भाषेत, एकेक शब्द तोडून. "आमच्याकडे त्या दिवशी सूर्याची पूजा असते. यांनी धुतली आणि चौकटीला कुंकू लावलं. ते कुंकू मी पाहिलं. चार दिवसांनी, माझ्या रुमालानं, मी पुसलं. दवाबद्दल मी जे लिहिलं आहे ते खोटं आहे, आणि लिहिताना मला ते माहीत होतं." असं म्हणून खिशातनं तो गुलाबी डागाचा रुमाल काढून टेबलावर ठेवला. आमचे मालक आ करून बघतच राहिले.

साहेबांनी रुमालाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"धुवायला किती वेळ लागला, ताई?"

"दहा मिनिटं," मी म्हटलं.

"आणि पाणी?"

"दोन बादल्या."

"उत्तम," साहेब म्हणाले. "उत्तम." मग त्यांनी गूळ खाल्ला, आणखी मागितला, आणि माझा ताटासकट पॅनेलपाशी फोटो काढून घेतला. जाताना काकवीच्या दोन बाटल्या नेल्या.

गाडी गेल्यावर मी स्वयंपाकघरात भांडी आपटायला सुरुवात केली. भावजी दारात येऊन उभे राहिले. म्हटलं, बोलू नका माझ्याशी. मी तुमच्यासाठी तोंड काळं करून घेतलं आणि तुम्ही चारचौघांत माझी अब्रू काढली. तुमाला खरंच सांगायचं होतं तर पाच आठवडे काय शेण खात होता?

"व्हय," ते म्हणाले. "तेच खात होतो." मग उंबऱ्यावरच टेकले. "बावीस वर्षं रेघ वर जायची वाट बघितली, वहिनी, आणि ती वर गेलेली. मला माहीत होतं ती तुम्ही नेलीय. तरी रोज रात्री कॉम्प्युटर उघडून बघायचो. मी एकट्यानं खोटं बोललो असतो तर पचवलं असतं. तुम्हाला बोलायला लागलं, ते न्हाय पचलं."

मी चहा ठेवला, तेवढंच.

आत्यांना आम्ही सांगून टाकलं की पोरगं राजस्थानला जाणार. त्या अर्ध्या भाकरीवर आल्या. मी भावजींच्या दोन बॅगा खाली काढून उन्हात ठेवल्या. आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पत्र आलं. पाच वर्षं मंजूर.

भावजींनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. समितीला सगळ्यात काय आवडलं, तर लोकसहभाग. 'पारंपरिक सणाच्या निमित्तानं स्थानिक महिलांनी पॅनेल स्वच्छतेत घेतलेला पुढाकार अनुकरणीय आहे. हा उपक्रम दरवर्षी रथसप्तमीला जिल्हाभर राबवावा.' खाली माझा ताटाचा फोटो, आणि फोटोखाली, 'एक स्थानिक महिला'. मालकांनी पेढे आणायला गाडी काढली. आत्या म्हणाल्या, "सूर्यनारायणानं ठेवलं पोराला," आणि लगेच भाकरी मागितली.

भावजी मात्र पत्र उलटसुलट करून बघत बसले.

"काय शोधताय?" मी विचारलं.

"मी कुंकू पुसलं ते कुठं लिहिलेलं न्हाय."

"मग बरंच झालं की."

"न्हाय वहिनी. तिकडं एक आकडा खोटा घातला असता तर तीन हजार माणसं माझ्याशी बोलायची बंद झाली असती. इथं मी तोंडानं सांगितलं, टेबलावर रुमाल ठेवला, आणि कुणाला त्याचं काय वाटलंच न्हाय." त्यांचे डोळे भरले होते. नोकरी वाचलेल्या माणसाचं असलं तोंड मी कधी बघितलं न्हवतं.

ते उठून जिन्याकडं गेले. मी कपात चहा ओतून मागनं गेले. जिन्याच्या तोंडाशी बसून ते सुतळीच्या वहीत लिहीत होते. फेब्रुवारीचं पान काढलतं. शनिवारच्या तारखेखाली लिहिलं होतं, 'दुपारी सव्वाचार. दुसऱ्या ओळीच्या चौकटीवरचं कुंकू रुमालानं पुसलं. कारण, उंचवटा पाहिजे होता. उदयसिंह.'

मी कप खाली ठेवला आणि पेन मागून घेतलं. वरच्या मंगळवारात लिहिलं, 'दोन बादल्या पाणी, आत्यांचं लुगडं. धुतलं. कारण, रथसप्तमी. वर्षाराणी.' मग पानं उलटून बारा मार्च काढला, आणि तिथं लिहिलं, 'साहेबांपुढं खोटं बोलले. कारण,' आणि पुढं काय लिहावं ते मला सुचेना. पेन तसंच धरून बसले.

भावजींनी वाकून वाचलं. चहाचा घोट घेतला.

"कारण राहू दे," म्हणाले. "वेळ लिहा, वहिनी."

मी लिहिलं, साडेअकरा.